ऐंशीची शपथ

इद्रिसनं लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. गाडीचं दुखणं असं ऐकून ओळखणारा नंदुरबारात आता तो एकटाच उरला होता. समोर उभ्या असलेल्या नवनीतनंही उगाचच डोळे मिटले.

"टकटक करी ऱ्हायनी," इद्रिस म्हणाला.

"ते मले बी ऐकू ई ऱ्हायनं."

"तेलना लाल दिवा बी लागेल शे. खरं सांगा नवनीतभाऊ, जास्त पयाडी का गाडी?"

"मी? छे! सत्तर. कधीमधी पंच्याहत्तर."

इद्रिसनं एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

नवनीत कोरीटचा, पंचायत समितीत लिपिक. चाळिशीला टेकलेल्या या माणसाला ना पानाचा शौक, ना पत्त्यांचा. आयुष्यात एकच हौस केली होती, ती ही सुरतेहून घेतलेली जुनी गाडी. सुरतेच्या एका शौकीन गृहस्थानं तिला टर्बो बसवला होता, सायलेन्सर बदलला होता आणि तिची उंची इतकी कमी केली होती की कोरीटच्या गतिरोधकावरून ती खेकड्यासारखी तिरकी न्यावी लागे. अंगणात ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. नवनीत मात्र रोज सकाळी बॉनेट उघडून आतलं इंजिन डोळे भरून बघायचा आणि मग ते तसंच उघडं ठेवून आंघोळीला जायचा.

त्याच्या आईला, सुंदरबाईला, पहिल्याच दिवशी या आवाजाचा राग आला होता. तिनं मुलाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता.

"मन्ही आन शे तुले. ऐंशीना वर गया, ते गाडी सुरतले वापस."

नवनीतनं शपथ घेतली आणि दोन महिने पाळलीही. पण परवा विसरवाडीच्या रस्त्यावर एका गुजरात पासिंगच्या गाडीनं त्याला मागे टाकलं. टाकलं ते टाकलं, वर हॉर्नही वाजवला. मग काय घडलं ते नवनीतला नीटसं आठवत नव्हतं. काटा दीडशेच्या पलीकडे गेला, लाल दिवा लागला आणि टकटक सुरू झाली, एवढंच त्याला आठवत होतं. घरी तो चाळीसनं आला.

आता त्याला दोन गोष्टींची भीती होती. एक, इंजिन गेलं. दुसरी, आईची शपथ मोडली. दुसरीपुढे पहिली काहीच नव्हती, कारण आईची खोटी शपथ घेतली की ती आईलाच बाधते, हे कोरीटमध्ये शेंबडं पोरही जाणतं.

इद्रिस एकेक तपासत गेला. प्लग काढले, ते स्वच्छ. चारही सिलिंडरमधला दाब मोजला, तो सारखा. तारेच्या टोकाचा बारीक कॅमेरा आत सोडला, तर पिस्टन लख्ख. शेवटी सुरतेच्या त्या शौकीन गृहस्थाला फोन लावला.

"बेअरिंग गया होगा," तो म्हणाला. "कितने पे चलाया था?"

इद्रिसनं नवनीतकडे पाहिलं. नवनीत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"सत्तर पे," इद्रिस म्हणाला.

"सत्तर पे बेअरिंग नहीं जाता, भाई."

मग इद्रिसनं तेल काढलं आणि खाली बसून बघतच राहिला. गेल्याच आठवड्यात भरलेलं तेल लालसर झालं होतं, आणि त्यात बारीक चमक होती.

"चमक म्हंजे बेअरिंग घासायनी," तो पुटपुटला. "पन लाल? लाल ते गिअरनं तेल ऱ्हास. ते इंजिनमा कसं उनं? मधमा रस्ताच नही!"

त्यानं तेल बोटांवर चोळलं, वास घेतला. वास ओळखीचा होता, पण गॅरेजातला नव्हता. तीस वर्षांच्या धंद्यात त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. तो गोंधळून एकदा गाडीकडे, एकदा नवनीतकडे बघू लागला.

एवढ्यात नवनीतच्या बायकोचा, दीपमालाचा फोन आला.

"मायना गुडघा दुखी ऱ्हायना. चालतांना टकटक वाजस."

नवनीतनं घाईनं विचारलं, "कधयपाईन?"

"परवापाईन. मी नको म्हनी, तरी तुमना डबा ली रिक्षामा बसनी. तठेच ई ऱ्हायनी."

परवा! आणि टकटक! नवनीत मटकन टायरवर बसला. इकडे त्यानं काटा दीडशेवर नेला आणि तिकडे आईचा गुडघा गेला. हिशेब इतका सरळ होता की त्याला रडू यायला लागलं.

सुंदरबाई रिक्षातून उतरली ती लंगडतच. हातात कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा डबा होता. इद्रिस तोवर गाडीखालच्या खड्ड्यात उतरून इंजिनाखालचं चेंबर खोलू लागला होता. आई जवळ येताच नवनीतनं तिचे दोन्ही हात धरले.

"माय, मन्ही चुकी व्हई गई. तुन्ही आन मोडी मी. दीडशेनी पयाडी!"

"दीडशे!" खड्ड्यातून इद्रिस ओरडला. "आनि मले सकायपाईन सत्तर सांगी ऱ्हायनात?"

सुंदरबाईनं मुलाकडे रोखून पाहिलं. पण ती रागावली नाही, उलट तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं.

"दीडशेवर गया, आनि मंग ती थांबनी ना?"

"कोन?"

"गाडी. मी तिले सांगेल व्हतं."

नवनीतला काही कळेना. तेवढ्यात इद्रिस खड्ड्यातून वर आला. त्याच्या हातात तेल ओढणाऱ्या नळीची जाळी होती. जाळीला लाल तांदळाचे दाणे गच्च चिकटले होते आणि त्यांच्या मधोमध सुपारीचं एक खांड होतं. गरम तेलात तांदूळ चांगले फुलले होते. वर फोडणी द्यायचीच तेवढी बाकी होती.

"हाई काय शे?" इद्रिसनं जाळी वर धरून विचारलं.

"अक्षदा," सुंदरबाई शांतपणे म्हणाली. "परवा अमावस व्हती. हाऊ आंग धोवाले गया, गाडी उघडीच व्हती. तेलना डबानं चित्र काढेल झाकन फिराडं आनि टाकी दिधं. कुकू सारंगखेडानी जत्रानं, चमकीवालं. तिले सांगं, मन्हा पोऱ्या ऐंशीना वर गया, ते तू थांबी जाय."

"माय, इंजिनना तोंडमा कोनी अक्षदा टाकस का?"

"मले नको शिकाडू. तुन्हा बापनं विहीरवरलं इंजिन तीस वरीस मी चालाडं. दर अमावसले त्याना तोंडमा अक्षदा-सुपारी टाकू. तोंडले तारनी जाई व्हती, अक्षदा वरच अडकेत, दुसरा दिवस काढी लिऊत."

"या गाडीना तोंडले जाई नही!"

"नही, ते तुन्हा सुरतवालानी चूक शे."

"आनि तुन्हा गुडघा?"

"तुन्ही गाडी इतली खाले शे, वाकी वाकी गया गुडघा."

नवनीतनं मोठा श्वास सोडला. शपथ आईला बाधली नव्हती, बाधली होती ती गाडीची उंची. पण आपण फुकटच कबुली दिली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुन्हा टायरवर बसला.

इद्रिस मात्र जाळीकडे एकटक बघत होता. "भाऊ, पन मावशीनी बात खरी शे," तो हळूच म्हणाला. "सत्तरवर तांदूय खाले बसेल ऱ्हातात. दीडशेवर पंपनी जोरमा तेल वढं, दाना जाईले चिकटनात, तेल बंद! दिवा लागना तशी तुम्ही हळू करी, म्हनीसन बेअरिंग वाचनी."

चेंबर धुऊन झालं, नवं तेल भरलं, गाडी सुरू झाली. टकटक गेली होती. नवनीतनं भीतभीत विचारलं, "मंग... सुरतले वापस?"

सुंदरबाईनं बॉनेटवरून हात फिरवला. "नही. ऱ्हाऊ दे तिले. तिनी मले दिधेल शब्द पाया. तू नही पाया." आणि तिनं किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

नवनीत मान खाली घालून डबा उघडू लागला. इद्रिसनं सुपारीचं ते खांड फेकलं नव्हतं. पुसून कागदात बांधून तो सुंदरबाईजवळ आला.

"मावशी, मन्हा जवाई शहजाद मोटारसायकल लई पयाडस. कोनं ऐकत नही. काही व्हई का?"

सुंदरबाईनं पुडी घेतली आणि कपाळाला लावली.

"व्हई ना. त्या मोटारसायकलनं तोंड कोठे ऱ्हास, ते फक्त दखाडी दे."