सोबतीचा निधी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक कचेरी आणा. एक टेबल, कुरकुरणारा पंखा आणि दारावर पाटी : ‘पीडित साहाय्य केंद्र’. चोरी-मारहाण सोसलेल्यांना आधार मिळावा म्हणून सरकारने रत्नागिरीत उघडलेले. टेबलामागे कारकून प्रमोद. समोर काशी आणि तिची नऊ वर्षांची सानवी.

वर्षापूर्वी मिरजोळ्याहून कामावरून परतताना एका चोराने काशीची माळ ओढली आणि तिला रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर ढकलले. मोडलेला हात वाकडाच जुळला. उद्या कोर्टात तिची साक्ष होती, आणि चोराचे भाऊ रोज दारावरून मुद्दाम खाकरत जात होते.

“केंद्राच्या रेणुकाताई येतील ना हो कोर्टात सोबतीला?” काशीने विचारले.

“त्यांची नेमणूक संपली, वहिनी. निधीच नाय. आता कापडाच्या दुकानात असतात, सुट्टी मिळत नाय त्यांना.” मग प्रमोद खुलला. “पण आज निधी आला!”

“मग झालं की!”

“जनजागृतीचा. त्यातून बॅनरच करायचा. सोबतीवर खर्च केला तर मी घरी बसेन. आणि पाचच्या आत बॅनरचा लाभार्थ्यासह फोटो पाठवला नाय, तर हा निधीपण परत. वहिनी, तेवढं एक टोक धरा हो.”

बॅनरवर लिहिले होते, ‘तुम्ही एकटे नाही’. काशीचा हात वर जाईना, बॅनर तिरका झाला. प्रमोदने फोटो पाठवला. मुंबईच्या मुख्य कचेरीतून उत्तर आले : सरळ धरावा. सानवीने खालून आईचे कोपर उचलून धरले. पुन्हा उत्तर आले : लाभार्थी हसतमुख असावा.

काशी हसली. ते हसणे पाहून सानवीला रडू आले.

फोटो पास झाला. “मी नाय जायची उद्या,” बाहेर पडताना काशी पुटपुटली. “सांगीन, काय आठवत नाय.”

सानवी मागे वळली. “काका, हा बॅनर नेऊ?”

“ने. फोटो झाला, आता त्याचं काय काम? पण रजिस्टरला सही कर. उद्या संध्याकाळी परत हवा.”

सकाळी काशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सानवीने गणवेश घातला, बॅनरची गुंडाळी काखेत मारली आणि तिचे एक टोक आईच्या वाकड्या हातात दिले.

“ऊठ गो आये. सोबत सहीवर आणलीय. संध्याकाळी परत करायचीय.”