सातवा फॉर्म

शिकणं मोजता येतं, यावर ऋजुताचा ठाम विश्वास होता. ताप मोजता येतो, उंची मोजता येते, मग पदवीला बसलेली मुलं नेमकं काय शिकली ते का मोजता येऊ नये? रोह्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता तिने त्यासाठी एकवीस रकान्यांचा तक्ता तयार केला होता. प्राचार्य दिनानाथ सरांनी तो उघडला, "वा!" म्हणाले आणि डोकं दुखायला लागलं म्हणून लगेच मिटला.

त्या रविवारी ती पेणला माहेरी आली तीही तक्त्याच्याच कामाला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या सहा जणांनी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणून तिच्या वडिलांच्या, दामोदरांच्या, गणपतीच्या कारखान्यात महिनाभर काम केलं होतं. आपण काय शिकलो, काय राहिलं, हे प्रत्येकाने फॉर्मवर लिहून द्यायचं. फॉर्म उद्या कॉलेजात दिले की मोजमाप पूर्ण!

"ऋजू, इकडं ये गो," दामोदरांनी हाक मारली. मांडीवर मूर्ती, हातात बारीक ब्रश. "हा डावा डोळा बघ. कसा झालाय?"

ऋजुता फॉर्मांना पिना मारत होती. "छान आहे, बाबा."

"नि उजवा?"

"तोही छान."

"उजवा अजून काढलाच नाय!"

सहाही जण खो खो हसले. दामोदरही हसले. पन्नास वर्षं मूर्तींचे डोळे आखणारा हा माणूस लेक घरी आली की हाच प्रश्न विचारायचा आणि लेक मान वर न करता हेच उत्तर द्यायची. निघताना त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधून तिच्या पिशवीत घातला आणि तिला स्टेशनवर सोडायला चालत आले.

सोमवारी सकाळी तिने सुतळी न सोडताच गठ्ठा क्लार्क हिरामणच्या टेबलावर ठेवला. अकरा वाजता आईचा, आनंदीबाईंचा, फोन आला. दामोदर चहा घेऊन कारखान्यात गेले होते. पाटावर बसले आणि बसल्या जागीच गेले.

तेरावं झालं. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी, पेणच्या घरात फळीवर ठेवलेला दामोदरांचा मोबाईल वाजला. आनंदीबाईंनी चष्मा लावला आणि मेसेज मोठ्याने वाचला.

"'प्रिय विद्यार्थी दामोदर विठू, आपल्या तोंडी परीक्षेचे गुण बाकी आहेत. उद्या सायंकाळी पाचपर्यंत हजर न राहिल्यास आपल्या तुकडीचा निकाल राखून ठेवण्यात येईल.'"

त्यांनी चष्मा काढून लेकीकडे पाहिलं. "ह्यांनी कॉलेजात नाव घातलं? मला न सांगता?"

"आई, काहीतरी चूक झाली असेल."

"चूक कसली? नाव हाय, बापाचं नाव हाय! अठ्ठेचाळीस वर्षं कोथिंबिरीची जुडी आणली तरी मला विचारून आणायचे. नि कॉलेज परस्पर?"

दारात बसलेला जुना कारागीर कान्हू याला मात्र एकदम सगळा उलगडा झाला. "तरीच! महिनाभर उठसूट 'सॉरी' म्हणत होते. रंग सांडला, सॉरी कान्हू. ब्रश लागला, सॉरी कान्हू. मी म्हटलं, शेठना बरं नाय की काय!"

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, दामूशेठ बी.ए. करत होते! एकदा भेटून गेलेली माणसं पुन्हा भेटायला आली. कुणीतरी विचारलं, विषय काय घेतला होता? आनंदीबाई क्षणभर गोंधळल्या आणि "इतिहास" असं ठणकावून सांगून मोकळ्या झाल्या. ऋजुता चहाचे कप भरत राहिली.

शनिवारी ती कॉलेजात पोचली तेव्हा हिरामण डबा खात होता.

"हिरामण, दामोदर विठू हे नाव यादीत कसं आलं?"

"फॉर्म आला म्हणून आलं." त्याने फाईल पुढे ढकलली. "सात फॉर्म, सात विद्यार्थी. सातव्याला प्रवेश क्रमांक नव्हता, तर कॉम्प्युटरने तात्पुरता क्रमांक देऊ काय विचारलं. मी दे म्हटलं."

"अहो, वय बहात्तर लिहिलंय!"

"कॉम्प्युटरने घेतलं ना, मॅडम? तो घेतो तर मी कोण नाय म्हणणारा?" मग त्याच्या लक्षात आलं आणि घास हातातच राहिला. "दामोदर... म्हणजे तुमचे..."

"बाबा."

झेरॉक्सवाल्याने एक फॉर्म जास्त दिला होता. कागद वाया घालवणं दामोदरांना कधी जमलंच नव्हतं.

ऋजुताने विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक तरुण आवाज आला.

"नाव वगळायला विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करावा लागेल."

"ते वारले."

"सॉरी, मॅडम. मग पालकांची सही लागेल."

"त्यांचे पालक चाळीस वर्षांपूर्वी गेले."

"अरे देवा! मग आपण कोण?"

"मुलगी."

"विद्यार्थ्याची मुलगी?" पलीकडे कीबोर्ड खडखडला. "मॅडम, तो पर्याय दिसत नाही इथे. मृत्यूचा दाखला जोडून लेखी पाठवा, पुढच्या सत्रात नक्की बघू."

"आणि बाकी सहा मुलं?"

"तुकडी एक, निकाल एक. सातही जणांचे गुण भरले की निकाल आपोआप उघडेल."

सहा जणांपैकी सुरभी सकाळपासून ऑफिसच्या बाकावर बसून होती. बी.एड.चा प्रवेश आज पाचला बंद होणार होता आणि निकालाशिवाय तिचा अर्ज पुढे सरकत नव्हता. वडील धाटावला कंपनीत, घरातली पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. घड्याळात सव्वाचार झाले होते.

दिनानाथ सर बाहेर आले. त्यांना हकीकत सांगितली, ती त्यांना भलतीच आवडली. "बहात्तराव्या वर्षी नोंदणी! मॅडम, अहवालात घ्या. आजीवन शिक्षण!"

"सर, त्यांनी नोंदणी केलीच नव्हती."

"असं होय?" सरांचा चेहरा उतरला. "मग शून्य टाका आणि मोकळ्या व्हा. सहा मुलांचं नुकसान नको."

ते बरोबरच होतं. परीक्षेला न आलेल्याला शून्य! हा नियम ऋजुताने स्वतः तक्त्याखाली ठळक अक्षरांत छापला होता. हिरामणने रकाना उघडला.

"टाकू शून्य? कुणाला कळतंय?"

"थांबा," ती म्हणाली. "फॉर्म न वाचता गुण नाही देता येत."

तिने सातवा फॉर्म ओढून घेतला. बाबांचं अक्षर मूर्तीच्या दागिन्यांसारखं, प्रत्येक काना वेगळा काढलेलं.

'नवीन काय शिकलात?' याखाली लिहिलं होतं, 'मोबाईलवरून फोटो पाठविणे (सुरभीकडून). चुकल्यावर सॉरी म्हणणे (सर्वांकडून).'

'शिकायचे काय राहिले?' याखाली एकच ओळ होती. 'डावा डोळा अजून उजव्यासारखा येत नाही. मुलगी छान म्हणते, पण ती कामात असते.'

ऋजुताने ती ओळ दोनदा वाचली. एकवीस रकान्यांपैकी कुठल्यातच ती बसत नव्हती.

"मॅडम," सुरभी हळूच म्हणाली, "दामूकाकांनी त्या रविवारी फोटो पाठवला होता मला. तुम्ही गेल्यावर. उजवा डोळा काढून झाल्यावरचा. दाखवू?"

मोबाईल ऋजुताच्या हातात आला. तीच मूर्ती होती. तिने दोन बोटांनी चेहरा मोठा केला आणि खुर्ची ओढून बसली. उत्तरपत्रिका तपासावी तशी ती आधी उजव्या डोळ्यावरून गेली, मग डाव्यावरून. पापणीची रेघ, बाहुली, कोपऱ्यातली लाली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. ऑफिसातला पंखा करकरत होता. हिरामणने घड्याळाकडे पाहिलं. जन्मभर हे डोळे तिच्या आजूबाजूला शेकड्यांनी मांडलेले असत. एवढा वेळ तिने एकालाही दिला नव्हता.

"बोला, मॅडम," शेवटी हिरामण म्हणाला. "पावणेपाच झाले. किती टाकू?"

"शंभर."

"मॅडम, पन्नासपैकी हाय."

"मग पन्नास."

त्याने पन्नास टाकले. "आता परीक्षकाचा शेरा."

"छान," ऋजुता सवयीने म्हणाली.

हिरामणने टाईप केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. "घेत नाय, मॅडम. शेरा अपुरा हाय म्हणतो. कमीत कमी दहा शब्द पायजेत."

ऋजुता मोबाईलमधल्या मूर्तीकडे बघत राहिली. ती बोलली तेव्हा आवाज पेणच्या कारखान्यातल्या पाटापर्यंत पोचावा इतका मोठा निघाला. दिनानाथ सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

"डावा डोळा बरोबर आलाय, बाबा! अगदी उजव्यासारखा. मी आजवर कधी नीट बघितलाच नाही, म्हणून सांगितलं नाही. फार सुंदर काढता तुम्ही."

हिरामण दोन बोटांनी टाईप करत होता. अर्ध्यावर थांबून त्याने मान वर केली.

"मॅडम, 'बाबा' पण टाकू?"

"टाका."