तेल मुरेपर्यंत

गोव्यातल्या आमच्या कोरगावात शाबीच्या दुकानात शिरलं की तो या-बसा म्हणत नसे. गालावर टिचकी मारत असे. फणस पिकला की नाही ते आम्ही वाजवून बघतो, तसा तो माणसाचा गाल वाजवायचा, कान तिरका करून. मग बोटांची उलटी बाजू हनुवटीपासून वर फिरवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "खोबरेल." नाहीतर "तीळ." नाहीतर नुसतंच, "अरे देवा."

अरे देवा म्हणजे एरंडेल आणि खोबरेल मिसळून. राठ दाढीवाल्यांचं औषध. मी जन्माचा अरे देवा.

माझं शिक्षण म्हणजे शाळेच्या पडवीत बसलो तेवढंच. पुढं सगळा जन्म काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, गेला. गोड बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून येत नाही. पण शाबीसारखा म्हालो मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे न्हाव्याला म्हालो म्हणतात. असल्या माणसाबद्दल कोणीतरी चार ओळी लिहायला पाहिजेत, म्हणून मीच बसलो.

दुकान कसलं, एक खोली. एक आरसा, एक लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची, आणि जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवर तेलाच्या बाटल्या. कुठल्याच बाटलीवर चिठ्ठी नाही. बूच उघडून वास घेतला की त्याला कळायचं. थंडीत तिळाचं, घामाच्या दिवसांत खोबरेल, समुद्राच्या वाऱ्यानं गाल फुटलेल्या, जाळी ओढणाऱ्या रांपणकाराला भिरंडेल. भिरंडेल म्हणजे भिरंडांच्या, कोकमांच्या बियांचं तूप. गोळा घट्ट असतो, तळहातावर चोळून पातळ करावा लागतो. शाबी तो चोळायला लागला की वाटायचं, ह्याला दाढी करायची नाही, लाडू वळायचे आहेत.

आधी ऊन पाण्याचा तुवालो तोंडावर. मग तेल, तेही थेंबानंच. कोणी म्हणालं, "घाल मरे आनी थोडं," तर शाबी म्हणायचा, "तुझी दाढी करूची आसा, भजी तळूची नाय." मग केसांच्या उलट्या दिशेनं बोटं फिरवत राहायचा. आणि मग थांबायचं. तेल मुरेपर्यंत साबण नाही, वस्तरा नाही, आणि बोलणं तर नाहीच. बोललं की गाल हलतो, गाल हलला की तेल पळतं, असं त्याचं शास्त्र. "केसाची आदी समजूत घालूक जाय," तो म्हणायचा. "आदी समजूत, मागीर वस्तरो."

हे शास्त्र त्या भाषेच्या भांडणात गावाच्या कामी आलं. सरकारी कारभाराला कोकणी पाहिजे की मराठी पाहिजे, यावरून घराघरांत जेवणं बंद झाली होती. शाबीच्या बाकड्यावर तर रोजच जुंपायची. एकदा एक शिक्षक आणि एक दुकानदार अगदी बाह्या सरसावून उभे राहिले. शाबीनं काय करावं? दोन्ही तळहातांना तेल घेतलं, एक हात ह्याच्या गालाला, एक त्याच्या गालाला. "आता गप्प. मुरूं दी." दोघं गप्प. शाबीच्या दुकानात तेल लावलेल्यानं बोलायचं नाही, हा गावचा नियम, तो मोडायची छाती कोणाची नव्हती. मुरेपर्यंत दोघांचा राग निवला. जाताना शाबी म्हणाला, "दोगांकय एकच तेल लायलं हां. गालाक भाशा नसता."

पुढं गोव्याचं वेगळं राज्य झालं, तेव्हा आम्ही विचारलं, "शाबी, तुका कसं वाटता?" तर म्हणाला, "बरं जालं. पण वाऱ्यान गाल फुटूचे ते फुटतलेच."

त्याचं बघून घरी उद्योग करणारेही होते. आमच्या वाड्यावरच्या गणबानं एकदा लग्नाला जायच्या घाईत पडवीतली बाटली घेतली आणि चांगलं चोळून चोळून गालाला लावलं. ते निघालं काजूच्या टरफलांचं तेल. वाळवी लागू नये म्हणून आम्ही ते वाशांना लावतो. गालावर असे फोड आले की लग्नात नवऱ्याला सोडून लोक गणबालाच बघत होते. शाबीनं त्याला मग कितीतरी दिवस रोज भिरंडेल लावलं आणि रोज तेच ऐकवलं, "वाळवी काय लागली नाय मरे तुका?"

असा हा माणूस. पण एक गोष्ट कोणालाच उलगडत नसे. गावाला तेल लावणारा शाबी स्वतः मात्र कोरडी दाढी करायचा. नुसतं पाणी आणि वस्तरा. गालावर कायम ओरखडे. कोणी चिडवलं, "मांजरान ओरबाडलं काय रे?" तर "हय, घरातलंच," म्हणून दुसरीकडे बघायचा. घरात मांजर नव्हतं. कोणीच नव्हतं. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली.

मग माझी रुक्मिण गेली.

आम्हाला मूल नाही. क्रिया मीच केली. दहाव्या दिवशी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, केस काढायला शाबी आला. सुतकात तेल चालत नाही. आणि तेलाशिवाय दुसऱ्याच्या गालाला वस्तरा लावायचा नाही, हा शाबीचा नेम. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, व्हाळाचं पाणी घेतलं आणि नुसत्या तळहातांनी माझे गाल चोळत राहिला. किती वेळ, मला माहीत नाही. भटजी म्हणाले, "शाबी, तेलाचो वास येता मरे."

शाबीनं दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. "राखेन धुतलंय, साबणान धुतलंय. वास वचना. आता हात काडून ठेवू?"

भटजींनी तोंड फिरवलं. वस्तरा फिरला तो मला कळलासुद्धा नाही.

सुतक फिटलं, पण त्यानंतर मी दाढी केली नाही. शाबीकडून आलो की रुक्मिण दारातच माझ्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "गाल बाळाचो केलो शाबीन. जीभ तेवढी राठ ऱ्हवली." आता गाल तपासायला घरात कोण होतं? वाढू दे, म्हटलं. शेवटी दाढीत खाज सुटली, जेवताना भात अडकायला लागला, तेव्हा एका दुपारी गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

शाबीनं टिचकी मारायला हात उचलला. मी म्हणालो, "तेल नाका. कोरडीच कर."

"कोरडी करूची जाल्यार पेडण्याच्या सलुनांत वच."

"तू नाय करत कोरडी? तुका चलता, माका नाय?"

तो हातात तुवालो घेऊन तसाच उभा राहिला. वाटलं, आता हाकलणार. पण तो बाकड्यावर बसला आणि बाटल्यांकडे बघत बोलायला लागला.

"माझ्या गालाक ती तेल लायत होती. रोज सकाळी. म्हणायची, गावाक तू लाय, तुका मी लायतां. ती गेली. सुतक फिटलं, सगळ्यांनी तेल लायलं. माका म्हणाले, लाय. मी म्हटलं, आज नाका, फाल्यां लायन. फाल्यांचं फाल्यां, तसंच ऱ्हवलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबल, पयल्या दिसा लायलं नाय तर मागीर हात वळना. माझं सुतक अजून फिटूंक नाय. तू असो ऱ्हवू नको."

मी उठलो. त्याला दंडाला धरलं आणि कदेलीवर बसवलं. इतक्या वर्षांत त्या कदेलीवर बसलेला शाबी मी पाहिला नव्हता. त्याच्या गालावर टिचकी मारली. वाळलेल्या कोकमाच्या सोलासारखा गाल. मी म्हणालो, "अरे देवा."

तो हसला. "अरे देवा नाय रे. भिरंडेल."

"गप्प बस. म्हालो मी."

भिरंडेलचा गोळा घेतला आणि चोळायला लागलो. काजू फोडून फोडून माझे हात खरबरीत झालेले, गोळा पातळ व्हायला वेळ लागला. मग त्याच्या ओरखड्यांवरून, जमेल तसं, हनुवटीपासून वर. त्यानं डोळे मिटले. मध्येच ओठ हलले, तर मी म्हटलं, "बोलूचं नाय. पळता तेल."

मग उरलेलं माझ्या दाढीत चोळलं आणि बाकड्यावर बसलो.

तेवढ्यात दारातून गणबानं डोकं घातलं. खुर्चीत म्हालो, बाकड्यावर गिऱ्हाईक, दोघांची तोंडं तेलानं चकचकीत. "शाबी, वेळ आसा काय रे?"

शाबी बोलला नाही. नियम त्याचाच.

मीच म्हणालो, "लागतलो वेळ. मुरता हांगा."