न रागावणारी राणी

"साप उशीत गप्प कसा बसेल?" संपादिकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे?" लेखक म्हणाला.

"म्हणजे तुमची सावत्र राणी संध्याकाळी मुलीच्या उशीत जिवंत साप शिवते. त्यानंतर मुलगी जेवते, केस विंचरते, खिडकीत बसून दोन पानं चंद्राशी बोलते आणि मग झोपायला येते. तोवर साप काय करतोय?"

"बाई, ही परीकथा आहे."

"असू दे की. साप तर सापच आहे ना?"

लेखकाने डोळे मिटून घेतले. तो बारा महिने काळे कपडे घालायचा आणि हसण्यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून कचेरीत सगळे त्याला पाठीमागे 'अमावस्या' म्हणत. परीकथांना काळंकुट्ट रूप देऊन त्या सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांसाठी पुन्हा लिहायच्या हा त्याचा उद्योग, आणि त्या छापायच्या हा या प्रकाशनाचा. उद्योग बरा चालला होता. हल्लीच्या पोरांना राजकन्येचं लग्न नको असतं, तिचं भूत झालेलं हवं असतं, असं मालकांचं मत होतं आणि मालकांच्या मताला कचेरीत विरोध नसे.

"बरं, सापाचं सोडा," बाई म्हणाल्या. "राणी हे करते कशासाठी?"

"ती सावत्र आई आहे."

"ते कळलं. पण कारण काय?"

"तेच कारण!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच. कारण त्या स्वतः सावत्र आई होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी लग्न केलं ते एका विधुराशी, आणि त्याची मुलगी आता सतरा वर्षांची झाली होती. एवढ्या काळात या एकाच टेबलावर बसून बाईंनी विहिरीत ढकलणाऱ्या, काच कुटून खाऊ घालणाऱ्या, मुलीचं काळीज डबीत भरून ठेवणाऱ्या सावत्र आयांची व्याकरणं तपासली होती. जगातल्या सगळ्या सावत्र आयांना दुसरा काही उद्योगच नव्हता. कुणी भाजी निवडत नव्हती, कुणाचं डोकं दुखत नव्हतं, कुणी मुलीच्या परीक्षेच्या दिवशी रजा काढत नव्हती. उठायचं, आरशात बघायचं आणि विष कालवायला बसायचं! आणि हे सगळं चाललेलं असताना मुलीचा सख्खा बाप कुठे असायचा? शिकारीला. प्रत्येक गोष्टीत हा माणूस शिकारीला गेलेला, आणि त्याला कुणी एका शब्दाने बोलायचं नाही.

बाईंचा राग कचेरीत प्रसिद्ध होता. त्या छापखान्यावर रागावत, कागदवाल्यावर रागावत, घरी नवऱ्यावर तर मन लावून रागावत. फक्त मुलीवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. सख्ख्या आईने 'पसारा उचल' म्हटलं की ती शिस्त असते आणि सावत्र आईने म्हटलं की तो छळ असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलीने ओला रेनकोट सोफ्यावर टाकला की बाई हसत हसत तो उचलत. मार्क घसरले की म्हणत, "होईल हं पुढच्या वेळी." आपण तिला त्या गोष्टींमधल्या बाईसारख्या वाटू नये, एवढीच त्यांची धडपड होती. मुलीला त्या कशा वाटतात, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. ती "थँक्यू" म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. ते थँक्यू बाईंना फार लागायचं. घरच्या माणसाला कुणी इतक्या वेळा थँक्यू म्हणतं का?

लेखक गेल्यावर बाईंनी धुसफुसत फाइल उघडली आणि केवळ मनाच्या शांतीसाठी एक वाक्य बदललं. राणी खोलीत आली, तिला उशी हलताना दिसली, तिने टाके उसवले आणि साप खिडकीतून बाहेर सोडला. बस, एवढंच. घडीभर समाधान मिळवायचं आणि घरी जाण्याआधी पुन्हा होतं तसं करून ठेवायचं, असा त्यांचा साधा विचार होता.

पण संपादकाचा हात एका वाक्यावर थांबत नाही. राणीने साप काढला, तर मग घातला कुणी? दासीने? तिला पुऱ्या पुस्तकात नावसुद्धा नव्हतं. प्रधानाने? त्याला लेखकाने सुरुवातीलाच उकळत्या तेलात टाकला होता. उरला एक राजा. तो शिकारीला गेलेला, म्हणजे त्याला जंगल माहीत, साप पकडणं माहीत. शिवाय राज्य मूळचं मुलीच्या मेलेल्या आईचं, म्हणजे मुलगी मोठी झाली की राजाला सिंहासन सोडावं लागणार. बाई खुर्चीत ताठ झाल्या. हे तर सगळं आधीपासून तिथेच होतं! त्या गाढवाला स्वतःच्याच गोष्टीतला गुन्हेगार दिसला नव्हता.

मग त्यांना थांबवता थांबवेना. राणीच्या हातातला विषाचा प्याला औषधाचा झाला. राणीच्या आरशात मुलीच्या खोलीचं दार दिसू लागलं, म्हणजे तिला तिच्यावर लक्ष ठेवता यावं. शेवटी राणी राजाला त्याच्याच विहिरीत लोटून देते आणि मुलीला सिंहासनावर बसवते, इथवर मजल गेली. आणि संपूर्ण पुस्तकात राणी मुलीशी एक शब्दही वाकडा बोलत नाही, याची बाईंनी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली. खरं सांगायचं तर हे सगळं त्या एकाच वाचकासाठी लिहीत होत्या, आणि ती वाचक त्या वेळी घरी दार लावून बसली होती.

काम संपलं तेव्हा त्यांची बस निघून जायच्या बेतात होती. त्या पळाल्या. फाइल तशीच राहिली.

मधला एक दिवस त्यांची रजा होती. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तर अक्षरजुळणीचे काका हात पुसत उभे.

"तुमचं सापाचं पुस्तक लावून टाकलं बघा. मालकांच्या टेबलावर ठेवलंय."

"काका! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच तर परवा ओरडलात माझ्यावर, कामं पडून राहतात म्हणून!"

बाईंचं धाबं दणाणलं. लेखकाला न विचारता त्याचं पुस्तक बदललं, म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. तेवढ्यात मालकांनी आत बोलावलं.

"बसा बाई. वाचलं मी." मालकांनी चष्मा काढला. "सख्खा बाप! अहो, माझ्या अंगावर काटा आला. यालाच म्हणतात अंधार. थांबा, लेखकांनाच फोन लावतो."

फोन लागला. मालकांनी स्तुतीला सुरुवात केली. राजा काय, विहीर काय, शेवट काय!  मग फोनच्या स्पीकरवर लेखकाचा खोल आवाज आला.

"हो. राजाने मला फार त्रास दिला. कित्येक रात्री झोपलो नाही मी."

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला, नाहीतर त्या फोनवर झडप घालणार होत्या. चोर तो चोर, वर झोप उडाल्याचं सांगतोय! पण बोलायची सोय कुठे होती?

दुपारी लेखक तरातरा आला आणि त्याने त्यांना जिन्यात गाठलं. "तुम्ही माझ्या गोष्टीची वाट लावलीत!"

"मग चला, सांगू या मालकांना. तुमच्या झोपेचंही सांगू."

लेखकाने जिन्याखाली बघितलं, वर बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "छापून येऊ दे."

पुस्तक छापून आलं आणि चांगलं खपलं. घरी पहिली ठिणगी पडली ती भलतीकडेच. नवरा यंत्रांचे सुटे भाग विकायचा आणि महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असायचा. त्याने जेवणाच्या टेबलावर पुस्तक आपटलं.

"हा राजा मी आहे का?"

"तू कशाला? तो शिकारीला जातो."

"आणि मी कुठे जातो? मीही जातोच ना! परत आलो की विहिरीत का?"

"मला काय विचारतोस? लेखकाला विचार!" बाई कडाडल्या. "आणि दौरा संपल्यावर कपड्यांची बॅग दारात उघडून ठेवणं तेवढं बंद कर!"

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने पुस्तक एका बैठकीत संपवलं होतं, हे बाईंना दाराखालच्या उजेडावरून कळलं होतं. त्यांनी आवाज एकदम मऊ केला.

"तुला कसं वाटलं गं?"

"ठीक," मुलगी म्हणाली. "आणून दिलंस त्याबद्दल थँक्यू."

बाईंना वाटलं, आपणच जाऊन त्या विहिरीत उडी घ्यावी.

मग पुस्तकाच्या दुकानात, वरच्या मजल्यावर लेखकाला वाचकांनी प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम झाला. खुर्च्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी भरल्या होत्या. लेखक काळ्या कोटात, मालक पहिल्या रांगेत आणि बाई माइकच्या वायरपाशी. लेखक सांगत होता की अंधार त्याच्याकडे आपणहून येतो. बाई दात-ओठ खात वायर सरळ करत होत्या. तेवढ्यात मागून एक हात वर झाला आणि बाईंच्या हातातून वायर सुटली. त्यांचीच मुलगी होती.

"मला राणीबद्दल बोलायचंय," मुलगी उभी राहून म्हणाली. "ती खोटी आहे."

"खोटी?" लेखकाने भुवया उंचावल्या. "ती प्रेमळ आहे."

"प्रेमळ नाही, घाबरलेली आहे! ती राजाला ओरडते, दासीला ओरडते, सापालासुद्धा ओरडते. मुलीने काहीही केलं तरी नुसती हसते. मुलगी विहिरीच्या काठावर चढून नाचते, तर राणी म्हणते, 'जपून हं.' कोण म्हणतं असं? पाहुण्यांच्या मुलांना म्हणतात असं! त्या मुलीला रोज वाटत असणार की आपण या घरात पाहुण्या आहोत. तुम्ही कधी अशा घरात राहिलायत का? नाही ना? मग कशाला लिहिता?"

तिचं नाक लाल झालं होतं. सभागृहात टाळ्या पडल्या. लेखकाने मालकांकडे पाहिलं, टाळ्या वाजवणाऱ्या पोरांकडे पाहिलं आणि सरळ हात झटकले.

"हे बघा, राणी माझी नाही! माझी राणी छान दुष्ट होती. ही सगळी या बाईंनी घुसडली!"

मालक खुर्चीतून अर्धे उठले. "आणि राजा?"

"तोही त्यांचाच," लेखक पुटपुटला, आणि मालक पुन्हा खाली बसले.

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. मुलीची मान सगळ्यात शेवटी वळली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"हे तू लिहिलंस?"

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. लेखकाला तर असं धुऊन काढायचं होतं की त्याचे कपडे पांढरे व्हावेत. पण समोर ती पोर उभी होती, पाठीला दप्तर, डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं आपण हिला जपत होतो आणि ही स्वतःला पाहुणी समजत बसली होती, हे बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांना विलक्षण राग आला. स्वतःचा आला, साऱ्या परीकथांचा आला आणि मग, अगदी पहिल्यांदा, तिचाही आला.

"मी लिहिलं, ते राहू दे बाजूला," त्या माइकशेजारीच गरजल्या, त्यामुळे ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं. "आज गणिताचा क्लास होता ना तुझा? तो बुडवून इथे कशी आलीस? कुणाला विचारलंस? परीक्षा तोंडावर आलीय आणि बाईसाहेब भाषणं ठोकतायत! घरी चल, बघते तुझ्याकडे!"

  मुलीने बाहीने नाक पुसलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बाईंच्याही वरच्या पट्टीत ओरडली.

"एवढ्या लोकांसमोर ओरडतेस? काय गं आई, काही लाज?"