खुर्रबा आणि अर्ध्या दिवसाची सहल

एका जंगलात, बाळांनो, बघण्यासारखं खूप होतं. पण बघायला कुणी येत नव्हतं. त्यामुळे सगळे सुखात होते.

डोंगराच्या कुशीत तीन बुद्धविहार होते. तिथे एक म्हातारं कासव राहायचं. त्यांना सगळे भंते म्हणत. ओढ्यापलीकडे खवलेवाडी होती. तिथे खवले मांजरांची बारा बिळं होती. त्या जंगलात त्यांच्याइतकी लहान जमात दुसरी नव्हती. ती रात्रभर वाळवी शोधायची आणि दिवसभर झोपायची. संकट आलं की अंगाचा चेंडू करायची. एवढंच त्यांना येत होतं आणि एवढं पुरत होतं.

मग लगबगे नावाच्या कोल्ह्याला कल्पना सुचली. जंगलांचं वाटोळं होतं ते बहुतेक कल्पनांनीच.

लगबगेने शहरात पाटी लावली : ‘अर्ध्या दिवसात शांती आणि संस्कृती. चहा-नाश्त्यासह.’ मग माहिती गोळा करायला तो वही घेऊन खवलेवाडीत गेला. बिळाच्या तोंडाशी रुंजी नावाची खवलीण बसली होती.

“बाई, तुमच्याकडे पाहुणा आला की काय म्हणतात हो?” लगबगेने दात दाखवत विचारलं.

रुंजीने प्रश्न ऐकलाच नाही. तिने दात पाहिले आणि वाडीकडे तोंड करून ओरडली, “खुर्रबा!”

सगळ्या वाडीने अंगाचे चेंडू केले. खवल्यांच्या बोलीत खुर्रबा म्हणजे ‘पळा, लपा, घात झाला!’

लगबगेने वहीत लिहिलं : ‘खुर्रबा म्हणजे सुस्वागतम्. सोबत लोटांगण घालतात.’

झाली, सहल सुरू झाली. सकाळी आठला शहरातले प्राणी उतरायचे. सगळ्यांत पुढे महिषेबाई नावाची म्हैस असायची. तिला सहल इतकी आवडली होती, की ती रोज यायची. तिच्यामागे गळ्यात कॅमेरा अडकवलेलं एक गाढव. पहिल्या विहारात शांती, सात मिनिटं. दुसऱ्या विहारात शांती, सात मिनिटं. तिसऱ्यात पाचच, कारण तिथे चप्पल फार लांब काढावी लागायची.

“अगं बाई, किती शांत वाटतंय ना!” महिषेबाई ओरडायची. “अहो, तिकडचे, ऐकू येतंय का? किती शांत वाटतंय!”

भंते मान आत ओढून घ्यायचे.

“बघा, समाधी लागली,” लगबगे सांगायचा.

मग मंडळी ओढा ओलांडून खवलेवाडीत यायची आणि हात जोडून एका सुरात ओरडायची, “खुर्रबाऽऽ!”

झोपेतली वाडी दचकून चेंडू व्हायची. मंडळी टाळ्या वाजवायची. “किती नम्र लोक आहेत! नाहीतर आपल्या सोसायटीतले!” गाढव चेंडूंचे फोटो काढायचं. दोन महिन्यांत त्याच्याजवळ चारशे फोटो जमले. त्यात तोंड एकाचंही नव्हतं.

आता, बाळांनो, हसणं पुरे. रुंजीला पोर झालं होतं. तळहाताएवढं, अजून मऊ खवल्यांचं. रोज सकाळी खुर्रबा ऐकू आलं की रुंजी त्याला पोटाशी धरून चेंडू व्हायची, ती दुपारी एकपर्यंत. दिवसा झोप नाही, म्हणून रात्री पायांत जीव नाही. वाळवी मिळेना, दूध येईना. पोर रडायचं आणि दिवसेंदिवस हलकं लागायचं. मला अशा वेळी लगबगेचा भयंकर राग येतो. पण गोष्ट सांगणाऱ्याने रागावायचं नसतं, म्हणून पुढे सांगतो.

रुंजी लगबगेकडे गेली.

“लगबगेदादा, खुर्रबा म्हणजे ‘या’ नव्हे. खुर्रबा म्हणजे ‘लपा’.”

लगबगेचं तोंड उतरलं. “रुंजीबाई, हे आधी नाही का सांगायचं? पाट्या छापून झाल्या. टोप्यांवर छापलं. शहरात पायपुसण्यांवरसुद्धा छापलं.”

“मग आता काय हो?”

“शब्द आता बदलता येत नाही,” लगबगे विचार करून म्हणाला. “अर्थ तेवढा तुम्ही बदलून घ्या. तुम्ही बारा घरंच तर आहात.”

रुंजी तशीच भंतेंकडे गेली. भंतेंनी आधी कवचातून एक डोळा बाहेर काढून सहल गेल्याची खात्री केली.

“बाई, मी त्यांना चुकवायला आत जातो, तर ते समाधी म्हणतात,” भंते म्हणाले. “तू भिऊन चेंडू होतेस, तर ते लोटांगण म्हणतात. आपण दोघं दार लावून बसतो आणि ते दाराचे फोटो काढतात.”

“मग मी करू काय, भंते? माझं पोर हातचं जाईल.”

“एकदा उभी राहा. तोंड दाखव आणि सांग. ऐकतीलच असं नाही. पण सांगितलं नाही, असं तरी राहायला नको.”

दुसऱ्या दिवशी सहल आली. “खुर्रबाऽऽ!” वाडी चेंडू झाली. रुंजीच्याही पाठीचा कणा आपोआप वाकू लागला. तिने जिवाच्या कराराने तो सरळ ठेवला. शेपटीवर पोराला घेऊन ती पुढे आली.

“दादांनो, बायांनो, खुर्रबा म्हणू नका. त्याचा अर्थ ‘घात झाला, लपा’ असा आहे. आम्ही लोटांगण घालत नाही. आम्ही भितो. आणि आम्हाला झोपायचंय.”

महिषेबाईने तिला खालून वर न्याहाळलं.

“लगबगे, ही खरी वाटत नाही हो. खऱ्या गोल असतात.”

“मागच्या खेपेला गोल होत्या,” गाढवाने फोटो दाखवले.

“ही जरा शिकलेली आहे,” लगबगे घाईघाईने म्हणाला आणि झुडपाकडे पाठ करून माहिती देऊ लागला. “तर मंडळी, या जमातीचं वैशिष्ट्य म्हणजे...”

झुडपातून बिबट्या बाहेर आला.

तो फक्त रुंजीला दिसला. तिला तेव्हाच चेंडू होता आलं असतं. पण समोर उभे होते ते मूर्ख असले तरी पाहुणे होते. ती जीव तोडून ओरडली, “खुर्रबा! अहो, खुर्रबा!”

“बघा, आली ना वळणावर!” महिषेबाईला गहिवरून आलं. तिने हात जोडले आणि दोन पावलं पुढे झाली. “खुर्रबा हं, खुर्रबा!”

रुंजीने पोर पोटाखाली घेतलं आणि चेंडू झाली. बिबट्याने तिला पंजाने दोनदा उलटंसुलटं केलं. खवले काही उघडेनात. मग त्याने तिला सोडलं आणि हाताशी होता त्या लगबगेला मानगुटीला धरून घेऊन गेला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

सहल त्या दिवशी बंद पडली. बिबट्यामुळे नव्हे. गाईड मध्येच निघून गेला आणि दुसरा चहा मिळालाच नाही, अशी महिषेबाईने लेखी तक्रार केली.

खवलेवाडी त्या दुपारी झोपली ती संध्याकाळपर्यंत. आठवड्याभरात रुंजीला दूध आलं. पोर पुन्हा जड लागू लागलं. भंते मान बाहेर काढून उन्हात बसू लागले.

बिबट्या मात्र महिषेबाईचा वास लक्षात ठेवून होता. एके दिवशी तो त्या वासाने शहरात पोचला. महिषेबाईचं दार उघडंच होतं. दारात नवं कोरं पायपुसणं होतं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘खुर्रबा’ लिहिलेलं होतं.

बिबट्या जंगलातलाच. त्याला खवल्यांची बोली येत होती. घरातल्यांनी आपण येणार हे आधीच लिहून ठेवलंय, याचं त्याला फार कौतुक वाटलं. त्याने चारही पाय नीट पुसले आणि तो आत गेला.

तात्पर्य : परमुलखात गेल्यावर तिथल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलावं. शब्दाचा अर्थ मात्र कुणाला विचारत बसू नये. तो आपल्या पायांनी घरी येतो.