डेरिकच्या परसातले तीन चेंडू

सामन्याला चार तास होते आणि सिरिल ऑर्मरॉड स्वयंपाकघरात चेंडूंत हवा भरत बसला होता. चेंडू होते चार. मोसमाच्या सुरुवातीला चांगले अकरा होते, पण दोन कालव्याला गेले, एक बंद गिरणीच्या छपरावर जाऊन बसला, एक पाद्रीबाबांच्या कुत्र्याने फाडला, आणि आणखी तीन कुठे गेले याची चौकशी कॉल्डशॉ टाऊन फुटबॉल क्लबात कोणी करत नसे. नवे घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून हरवलेले चेंडू शोधून आणायचं खातं गेली बावीस वर्षं सिरिलकडे होतं.

"अहो, डेरिकचा फोन आला होता," मॉरीन म्हणाली.

"काय म्हणतोय तुझा भाऊ?"

"मागच्या शनिवारी काचघराच्या दोन काचा फुटल्या त्याच्या. टोमॅटोची रोपं मोडली. आजपासून परसात पडेल तो चेंडू माझा, म्हणाला. रडलात तरी मिळायचा नाही."

"मैदानाला भिंत लावून घर घेताना डोळे काय खिशात ठेवले होते?"

"ते तुम्ही विचारा. मला माहेर एवढं एकच उरलंय."

सिरिलचा हा मेहुणा, डेरिक बूथ, जन्मापासून कॉल्डशॉचा. पण चाहता तीस मैलांवरच्या मोठ्या क्लबचा. खिडकीत त्यांचा झेंडा, दारावर त्यांचं चिन्ह, चहाचे कपसुद्धा त्यांचेच. चाळीस वर्षांत तो त्यांच्या मैदानावर नऊ वेळा गेला होता आणि कॉल्डशॉच्या मैदानावर, जे त्याच्या मोरीपासून वीस पावलांवर होतं, एकदाही नाही. सिरिलला याची चीड होती. जिंकणाऱ्यांच्या वरातीत कोणीही नाचेल! मोठ्या क्लबला डेरिक नसला तर फरक पडत नाही. इथे सिरिल नसला तर खेळायला चेंडू नसतो.

आणि आज तर चेंडू जीवापेक्षा जपायचा होता. मोसमाचा शेवटचा सामना, ब्रॅकनफोल्डशी. हरलो तर खालच्या गटात. क्लबच्या अध्यक्ष बेरिल हॅवर्थ यांनी सभेत स्वच्छ सांगितलं होतं, "खाली गेलो तर मैदानाला कुलूप. मग शनिवारी दुपारी आपापल्या बायकोशी बोलत बसा." बरोबरी झाली तरी निभणार होतं. बरोबरी हवी, बस्स.

नेमका त्या दिवशी वारा सुटला, आणि तोही टेकडीवरून थेट गोलमागच्या पत्र्याच्या छपराकडे. छपराच्या पलीकडे भिंत आणि भिंतीच्या पलीकडे डेरिक.

अकराव्या मिनिटाला पहिला चेंडू छपरावर टण्‌ करून उडाला आणि पलीकडे गेला. पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज आला. तिसाव्या मिनिटाला दुसरा कालव्यात पडला. तिथून चाललेल्या होडीतल्या म्हाताऱ्याने तो उचलला, टोपी काढून सिरिलला नमस्कार केला आणि होडी तशीच पुढे नेली. मध्यंतरानंतर तिसरा पुन्हा डेरिककडे. सिरिलने तीनदा जाऊन दार वाजवलं. आतून रेडिओचा आवाज तेवढा मोठा झाला.

गोल मात्र कोणाचाच होत नव्हता. एकशे बारा प्रेक्षक हातातले चिप्स न खाता घड्याळाकडे बघत होते. आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला कॉल्डशॉचा बचावपटू बार्नी, एरवी साधा सरळ मुलगा, त्याने गोलसमोरून चेंडू दूर घालवायच्या नादात असा काही उंच मारला की वाऱ्याने तो झेलला, फिरवला आणि छपरावरून सोडला डेरिकच्या घरी.

"अरे, हळू मारायला काय झालं होतं तुला?" सिरिल ओरडला.

"काका, तुम्हीच ओरडलात ना, लांब मार म्हणून!"

पंच मिस केर्शॉ यांनी हात पुढे केला. "दुसरा चेंडू."

"तोच चौथा होता, बाई," बेरिल म्हणाल्या.

ब्रॅकनफोल्डच्या प्रशिक्षकाकडे सगळे वळले. त्याने खांदे उडवले. "आमचे बसमध्ये आहेत. बसला कुलूप. किल्ली ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर कुठे गेला, देव जाणे." बोलताना त्याला हसू आवरत नव्हतं. यजमानांकडे चेंडू नाही म्हणून सामना थांबला तर गुण पाहुण्यांना, हे त्याला पाठ होतं. कोणीतरी पोराचा प्लास्टिकचा चेंडू आणून दिला, तो मिस केर्शॉंनी दोन बोटांत धरून परत केला.

"दहा मिनिटं देते," त्या म्हणाल्या. "नाहीतर सामना रद्द."

सिरिल धावला. सदुसष्टाव्या वर्षी त्याला धावणं म्हणणं हे सौजन्य झालं, पण तो धावला. या वेळी दार वाजवायच्या भानगडीत न पडता तो मागच्या फाटकावरून चढून परसात उतरला, एक पाय टोमॅटोत, एक बादलीत. डेरिक स्वयंपाकघराच्या दारात उभाच होता. मागे ओट्यावर तीन चेंडू ओळीने मांडले होते.

"या दाजी. फाटक आहे आम्हाला, पण असो."

"डेरिक, चेंडू दे. एकच दे. क्लब मरेल रे!"

"माझी रोपं मेली, तेव्हा कोण आलं होतं भेटायला?"

"काचा मी स्वतः बसवून देतो. माझ्या हाताने."

"तुमच्या हाताने? मॉरीनताईच्या घरातलं कपाट अजून भिंतीला टेकून उभं आहे." डेरिकने डोकं खाजवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की सिरिलने आधी बादलीतला पाय बाहेर काढला. तो आत गेला आणि मोठ्या क्लबचा शर्ट घेऊन आला. "हा घाला. सामना संपेपर्यंत माझ्यासोबत इथे बसा आणि रेडिओवर खरं फुटबॉल ऐका. एक चेंडू आत्ता देतो. दोन माझ्याकडे ओलीस. शर्ट काढलात तर पुढचा मिळणार नाही."

बावीस वर्षांत सिरिलने त्या रंगाचा हातरुमालसुद्धा वापरला नव्हता. थोरल्या मुलीने वाढदिवसाला त्या क्लबची तिकिटं आणली तेव्हा त्याने ती शेजाऱ्याला दिली होती, आणि मुलगी महिनाभर बोलली नव्हती. त्याने शर्टाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे एकशे बारा माणसं गप्प उभी होती. एवढी शांतता त्याला सहन होईना. त्याने कोट काढला, डोळे मिटले आणि शर्ट डोक्यातून घातला.

"शोभतो हो तुम्हाला," डेरिक म्हणाला.

"चेंडू टाक, नाहीतर तुला टाकतो!"

चेंडू भिंतीवरून गेला. पलीकडे जल्लोष झाला, शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला. सिरिल मेहुण्याच्या टेबलाशी, मेहुण्याच्या शर्टात, मेहुण्याच्या कपातला चहा पुढे घेऊन बसला. चहाला त्याने हात लावला नाही. शर्टाची अट होती, चहाची नव्हती.

रेडिओवर मोठ्या क्लबचाही शेवटचा सामना चालला होता. ते एक गोलने पुढे होते, तसेच राहिले तर अजिंक्यपद त्यांचं. डेरिक खुर्चीच्या कडेवर येऊन नखं खात होता. जादा वेळेचं सहावं मिनिट चाललं होतं, आणि तेवढ्यात निवेदकाचा आवाज चिरकला. बरोबरीचा गोल! पाठोपाठ शेवटची शिट्टी. अजिंक्यपद गेलं.

"बरोबरी वाईट नसते," सिरिल म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, पण वेळ चुकली.

"चाळीस वर्षं!" डेरिक उठला. "चाळीस वर्षं जीव टाकतोय मी यांच्यासाठी!" त्याने ओट्यावरचे दोन्ही चेंडू उचलले, परसात गेला, पहिला आपटला आणि लाथ घातली. मग दुसऱ्याला. एकामागोमाग एक दोन्ही छपरावरून नाहीसे झाले.

"अरे, सामना चालू आहे तिकडे!" सिरिल किंचाळला.

पलीकडे शिट्टी वाजली. मग आरडाओरडा, भांडणाचे आवाज. मग पुन्हा एक शिट्टी, आणि मग अशी एक आरोळी की ती आनंदाची की दुःखाची ते सिरिलला कळेना. संपलं सगळं, असं त्याच्या मनाने घेतलं. आपल्याच मेहुण्याच्या लाथेने क्लब बुडाला. आता मॉरीनला काय सांगायचं आणि बेरिलना काय तोंड दाखवायचं?

पाचच मिनिटांत दार वाजलं. दारात मिस केर्शॉ वही घेऊन, शेजारी ब्रॅकनफोल्डचा प्रशिक्षक लालबुंद, आणि मागे बेरिल हॅवर्थ.

"माझा माणूस गोलकीपरला चुकवून पुढे गेला होता!" प्रशिक्षक गरजला. "गोल रिकामा! मारणार तोच वरून चेंडू पडला आणि आमच्या चेंडूला धडकला! पाठोपाठ दुसरा!"

"खेळ थांबवावा लागला," मिस केर्शॉ म्हणाल्या. "नियमाप्रमाणे चेंडू यजमानांच्या गोलकीपरला दिला आणि वेळ संपली. शून्य-शून्य. पण मला अहवाल लिहायचाय. बाहेरच्या माणसाकडून घडलं असेल तर निकाल कायम. क्लबच्या माणसाने केलं असेल तर प्रकरण समितीकडे, आणि गुण जातील. कोणी मारले?"

"दाजींनी!" डेरिक तात्काळ म्हणाला. काचांचा दावा लावायचा सोडून आपल्यावरच दावा लागेल, एवढंच त्याच्या ध्यानात आलं होतं.

"बघा! हा त्यांचाच चेंडूवाला!" प्रशिक्षकाने सिरिलकडे बोट रोखलं.

मिस केर्शॉंच्या मागे बेरिलचा चेहरा पांढरा पडला. सिरिलच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. क्लब वाचला होता, आणि वाचलेला क्लब डेरिकच्या एका शब्दाने पुन्हा मरणार होता. 'याने मारले' म्हणावं तर हे एकाचं दुसऱ्यावर ढकलणं झालं, कोण विश्वास ठेवणार? कबुली डेरिकच्याच तोंडून यायला हवी. आणि बायकोच्या भावाला कसं बोलतं करायचं हे सिरिलला पस्तीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

"बाई, याला दोष देऊ नका," तो अगदी मायेने म्हणाला. "याच्या पायात कुठली एवढी ताकद? लहानपणी कपड्यांच्या दोरीवरून चेंडू जात नव्हता याचा. गावात सगळे याला 'फुसका' म्हणायचे."

"कोण फुसका?" डेरिकने मान वर केली.

"आता तर गुडघेही गेले बिचाऱ्याचे. छपरावरून चेंडू? छे! वाऱ्याने गेले असतील."

"वाऱ्याने? वारा तर उलटा होता! दोन्ही मी मारले! मी!" डेरिकने छाती ठोकली. "आणि दुसरा तर डाव्या पायाने! लिहा, बाई, डाव्या पायाने!"

मिस केर्शॉंनी लिहिलं. "तुमचा कॉल्डशॉ टाऊनशी काय संबंध?"

"संबंध? त्या भिकार क्लबशी? आयुष्यात पाऊल ठेवलं नाही मी तिथे! चार चेंडू यांचे, त्यातला एक धड नाही, खेळ म्हणजे गाढवांची जत्रा!" आणि मग चाळीस वर्षांचं साठलेलं बाहेर पडू लागलं. मिस केर्शॉंनी खिडकीतला झेंडा पाहिला, दारावरचं चिन्ह पाहिलं, कप पाहिले.

"अहो, पण हा त्याचा मेहुणा आहे!" प्रशिक्षक कळवळला. "संगनमत आहे यांचं!"

"हा माझा मेहुणा नाही, माझं प्रारब्ध आहे!" सिरिल ओरडला.

"आणि तुम्ही? कपाट लावता येत नाही, ताईच्या जन्माचं वाटोळं केलंत!"

"तुझ्या ताईला विचार, वाटोळं कोणी केलं!"

मिस केर्शॉंनी वही मिटली. "यांचं संगनमत असणं शक्य नाही," त्या प्रशिक्षकाला म्हणाल्या. "बाहेरची व्यक्ती. निकाल कायम."

त्या दोघांची पावलं वाजेनाशी झाली तेव्हा बेरिलनी डेरिकच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. सिरिलने त्याला मिठी मारली आणि रडला. डेरिक भांबावून उभा होता. बेरिलनी त्याला काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, चेंडू कुठे पडला, कसा धडकला, बार्नी कसा गुडघ्यांवर बसला. त्याने ते पुन्हा सांगायला लावलं.

"तुमच्या क्लबघरात आता जोरात चालेल ना सगळं?" तो म्हणाला. "मी... म्हणजे, येऊ का?"

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

"पंचबाई तिथेच चहाला थांबल्यात," सिरिल म्हणाला. "तुझा आमचा संबंध नाही म्हणूनच आम्ही जिवंत आहोत, राजा. समितीचा कागद येईपर्यंत तिकडे फिरकू नकोस."

डेरिकने मान हलवली आणि खुर्चीत बसला. बेरिल गेल्या. सिरिल फाटकापर्यंत गेला. क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी संध्याकाळ भिंतीपलीकडे चालली होती, त्याचा वाटा त्याला हवाच होता. पण तो परत आला, खुर्ची ओढून बसला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

थोड्या वेळाने भिंतीपाशी पावलं वाजली, बरीच. कुजबुज झाली. बेरिलचा आवाज आला, "बाई ऐकतायत, नीट म्हणा." आणि मग एकशे बारा माणसं डेरिकच्या घराकडे तोंड करून गळा फाटेस्तोवर गाऊ लागली:

"डेरिक आमचा कोणी नाऽऽही! डेरिक आमचा कोणी नाऽऽही!"

डेरिक ऐकत राहिला. ते थांबेनात.

"दाजी, हे माझ्यासाठी?"

"दुसरा कोण डेरिक आहे इथे?"

"पन्नास हजार माणसं असतात हो त्या मोठ्या मैदानात," डेरिक म्हणाला. "एकालासुद्धा माझं नाव माहीत नाही." त्याने नाक पुसलं. मग हळूच म्हणाला, "ती खिडकी जरा पूर्ण उघडा ना."