मल्लम्माकाकूंची रुई

शनिवारी सकाळी आमच्या शुक्रवार पेठेतल्या मल्लम्माकाकू हातात काठी घेऊन स्वतःच्याच दारात पहाऱ्याला बसतात. घरात चोरण्यासारखं काही नाही. पहारा असतो दारातल्या रुईवर. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते आणि निम्मी पेठ पानांसाठी तिथंच येते. कुणाचा हात पुढं आला की काकू कानडीतून "बेडा, बेडा", म्हणजे नको, नको, म्हणून दम भरतात.

रुई कुणी मुद्दाम लावतं का? ती माळावर आपली आपण उगवते. काकूंनी मात्र बी आणून, पाणी घालून वाढवली. चीक डोळ्यांत गेला तर काय, त्यापेक्षा जास्वंद लावा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "जास्वंदीला समदे हायत की," काकू म्हणाल्या, "रुईला कोन हाय?"

रुईला अळ्या होत्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. पुढं त्यांची केशरी फुलपाखरं होतात, आणि रुई नसली तर अळ्यांची उपासमार ठरलेली. म्हणून काकू पानं देतात, पण स्वतः तोडून. प्रत्येक पान उलटंपालटं बघणार. अळी दिसली की "ह्ये न्हाय, हितं जेवान चाललंय" म्हणत पुढच्या पानाकडे वळणार. मी एकदा म्हटलं, काकू, रेशनची रांगसुद्धा याहून लवकर सरकते. त्या शनिवारी मला पानं मिळाली नाहीत.

गेल्या वर्षी काकू तापानं पडल्या आणि लोकांनी रुई ओरबाडली. संध्याकाळी उठून बघतात तो, रोज न्याहाळलेला एक कोष पानासकट गायब. तशाच तापात देवळात आल्या. मारुतीच्या गळ्यातल्या माळेत, एका पानाखाली, तो पोपटी कोष लटकत होता.

शिळी माळ पहाटे उतरवायची, हा देवळाचा नेम. माळ ओढली तर कोष गळणार. काकू गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसल्या आणि माळ निघणार नाही म्हणाल्या. आमचे पुजारी तरुण आहेत, जेमतेम तिशीचे. त्यांनी वाळकी माळ देवाला चालत नाही असं समजावून बघितलं.

"देवाला चालतंय. तुला चालंना," काकू म्हणाल्या. "त्येनं डोंगर उचललाय. कोष जड हुतोय व्हय त्येला?"

पुजाऱ्यांनी हात टेकले.

मग काकूंचा मुक्काम देवळातच. सकाळी येत, दिवेलागणीपर्यंत बसत. पेठभर बातमी गेली आणि लोक कोष बघायला येऊ लागले. दुपारी पुजाऱ्यांची बायको ताट घेऊन काकूंशेजारी बसे, मीही डबा घेऊन जायचो. काकू कडक भाकरी मोडून सगळ्यांना शेंगाचटणी वाढत.

एका सकाळी कोष काळपट झाला, उकलला, आणि चुरगळल्या पंखांचं फुलपाखरू बाहेर आलं. पंख वाळेपर्यंत ते मारुतीच्या खांद्यावर बसलं आणि मग दारातून उन्हात निघून गेलं. पुजाऱ्यांनी सुटलो म्हणत माळ उतरवली. लोक पांगले.

काकू उठेनात. गुडघे धरले असतील म्हणून मी हात दिला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला.

"लई दिसांनी मान्सांत बसून जेवले बग," त्या म्हणाल्या. "घरी निस्त्या भिंती. आता उद्या हितं काय निमित्त सांगून बसू?"

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला कळलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

पुजारी गाभारा पुसत होते. मान वर न करताच म्हणाले, "काकू, उद्यापासनं हार तुमीच ओवा की. मला सुईत दोरा घालाया दिसंना."

"मग लौकर येते," काकू म्हणाल्या आणि माझ्या हाताला धरून उठल्या.